अबोल मूल, बोलके मूल आणि आपली नोंदवही



शाळाभेटीच्या वेळी मी प्रथम मुलांमध्ये बसतो आणि नंतर शिक्षकांच्या नोंदवह्या पाहतो. शिरूर व दौंड या दोन्ही तालुक्यांत काम करताना आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी मी वर्षानुवर्षे वाचत आलो आहे. ‘सुधारणा आवश्यक’ या सदराखाली काही वाक्ये पुनःपुन्हा आढळतात. ‘वर्गात बोलत नाही’, ‘अबोल आहे’, ‘उत्तर देण्यास पुढे येत नाही’, ‘इतरांत मिसळत नाही’. याउलट जे मूल हात वर करते, परिपाठात पुढे असते, आलेल्या पाहुण्यांना धीटपणे उत्तर देते, त्याच्या ‘विशेष प्रगती’च्या सदरात ‘हुशार व चुणचुणीत’ असे लिहिलेले असते. असे लिहिण्यात कोणाही शिक्षकाचा हेतू वाईट नसतो. परंतु बोलणे म्हणजे प्रगती आणि न बोलणे म्हणजे उणीव, असे आपण नकळत गृहीत धरलेले असते. हे गृहीत कितपत खरे आहे, याचा मानसशास्त्रातील संशोधनाच्या आधारे विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून ती प्रथम सांगतो. नोकरीच्या प्रारंभीच्या काळात, १९९० नंतरच्या वर्षांत, मी एका दोनशिक्षकी शाळेत होतो. तिसरीच्या वर्गात एका मेंढपाळाचा मुलगा होता. पाढे विचारले की तो मान खाली घालून उभा राही. मी एकदा विचारी, दुसऱ्यांदा आवाज चढवून विचारी आणि पुढच्या मुलाकडे वळे. वर्षअखेरीस प्रगतिपत्रकात शेऱ्याच्या जागी मी ‘मंद’ असा एकच शब्द लिहिला. जूनमध्ये मुलगा शाळेत आला नाही, म्हणून मी वस्तीवर गेलो. वडिलांनी घोंगडी अंथरून बसविले, चहा दिला आणि म्हणाले, “गुरुजी, तुमीच लिवून दिलंय मंद हाय म्हून. मग साळंत बसवून काय करू? मेंढरं तर बरी वळतो.” पुढे त्यांनी सहज सांगितले की, संध्याकाळी मेंढरे वाड्यात शिरताना मोजण्याचे काम तोच करतो, आणि एखादे कमी भरले तर ते कोणते हेही सांगतो. ज्याला हिशेब येत नाही असे मी ठरविले होते, तो रोज संध्याकाळी शंभरावर मेंढरांचा हिशेब ठेवीत होता. मी पुष्कळ विनवणी केली, पण उपयोग झाला नाही. आदल्या वर्षी शाळेसाठी त्याला आजीजवळ ठेवले होते. त्या वर्षी दिवाळीनंतर ते कुटुंब मेंढरे घेऊन निघाले तेव्हा तो त्यांच्याबरोबर गेला.

त्या मुलाच्या न बोलण्याचा मी बुद्धीशी संबंध जोडला. तो जोडण्यास माझ्याजवळ काहीही आधार नव्हता.

शब्दांचा अर्थ

‘अंतर्मुख’ हा शब्द आपल्या भाषेस नवा नाही. अध्यात्मात इंद्रियांची धाव बाहेरच्या विषयांकडून काढून आत वळविणे या अर्थाने तो आला आहे, आणि तेथे ती साधनेने मिळवावयाची अवस्था आहे. मानसशास्त्रात मात्र ‘अंतर्मुख’ व ‘बहिर्मुख’ हे शब्द केवळ स्वभावाचे वर्णन करतात. तेथे ते गुणाचेही वाचक नाहीत आणि दोषाचेही नाहीत.

स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग याने १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या व्यक्तिमत्त्वप्रकारांवरील ग्रंथामुळे हे शब्द सर्वत्र रूढ झाले. ज्याच्या मनाचा ओढा मुख्यत्वे बाहेरच्या माणसांकडे व घटनांकडे असतो तो बहिर्मुख, आणि ज्याचा ओढा स्वतःच्या विचारांकडे व अनुभवांकडे असतो तो अंतर्मुख, अशी त्याची मांडणी होती. दोन्ही प्रवृत्ती प्रत्येक माणसात असतात, फरक कोणती प्रबळ आहे एवढाच, असेही त्याने म्हटले होते. लोकांनी पुढे हा भाग सोडून दिला आणि माणसांच्या दोन जाती करून टाकल्या.

हान्स आयसेंक (१९१६–१९९७) या लंडन येथील संशोधकाने हा विषय मोजमापाच्या कक्षेत आणला. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथापासून अंतर्मुखता व बहिर्मुखता ही एकाच पट्टीची दोन टोके मानली जाऊ लागली. आपल्या वर्गातील मुलांना उंचीप्रमाणे उभे केले तर फार उंच व फार ठेंगणी मुले थोडी आणि मधल्या उंचीची मुले पुष्कळ दिसतात. या स्वभावगुणाचेही तसेच आहे. बहुसंख्य मुले मधल्या भागात असतात. ती घरी बडबडी आणि शाळेत शांत असतील, खेळात पुढे आणि परिपाठात मागे असतील. म्हणून ‘हे मूल अंतर्मुख आहे’ असे एका वाक्यात ठरवून टाकणे शास्त्रीय दृष्ट्याही योग्य नव्हे.

हा भेद कशामुळे होतो?

आयसेंकने १९६७ साली याचे एक शारीरिक कारण मांडले. बाहेरून येणारा आवाज, प्रकाश, गर्दी, चव इत्यादींमुळे मेंदू जागृत होतो. अंतर्मुख व्यक्तीचा मेंदू थोड्या उत्तेजनानेही पुरेसा जागृत होतो, तर बहिर्मुख व्यक्तीस त्याच पातळीवर येण्यास अधिक उत्तेजन लागते, असे त्याचे म्हणणे होते. याची पडताळणी करण्यासाठी एक साधा प्रयोग करण्यात आला. जिभेवर लिंबाच्या रसाचे काही थेंब टाकून किती लाळ सुटते हे मोजले गेले, आणि अंतर्मुख व्यक्तींना सरासरीने अधिक लाळ सुटते असे दिसून आले. समजण्यास एक उपमा देता येईल. ज्या घरात रेडिओ आधीच मोठ्याने चालू आहे, त्या घरातील माणसाला रस्त्यावरचा बँड नकोसा होतो. ज्याच्या घरी सारे शांत आहे तो बँड ऐकावयास दारात येतो.

पुढील संशोधनाने या मताला काही अंशीच पुष्टी दिली. आज संशोधकांचा भर आणखी एका कारणावर आहे. शाबासकी, बक्षीस, नवीन माणूस, नवीन संधी यांची ओढ बहिर्मुख व्यक्तीस अधिक प्रमाणात वाटते, असे ते मानतात. येथे हेही सांगितले पाहिजे की, व्यक्तिमत्त्व आणि कर्करोग यांचा संबंध जोडणारे आयसेंकचे काही लेख लंडनच्या किंग्ज कॉलेजने २०१९ साली अविश्वसनीय ठरविले. परंतु बहिर्मुखता-अंतर्मुखता हा स्वभावगुण केवळ त्याच्या शब्दावर उभा नाही. अनेक देशांतील संशोधकांनी स्वतंत्रपणे तो पुनःपुन्हा पडताळून पाहिला आहे, आणि व्यक्तिमत्त्वाच्या पाच प्रमुख घटकांत आज त्याची गणना होते.

शिक्षकाच्या उपयोगाचा एक प्रयोग अमेरिकेतील रसेल गीन याने १९८४ साली प्रसिद्ध केला. दोन्ही स्वभावांच्या विद्यार्थ्यांना शब्दांच्या जोड्या शिकावयास देऊन, कानावर पडणाऱ्या आवाजाची पातळी त्यांनाच ठरवू दिली. अंतर्मुखांनी कमी आणि बहिर्मुखांनी अधिक आवाज पसंत केला. आपापल्या पसंतीच्या पातळीवर दोन्ही गट सारखेच चांगले शिकले. एकाच्या पसंतीचा आवाज दुसऱ्यास दिला तेव्हा मात्र दोघांचेही काम बिघडले. म्हणजे गोंगाटात शांत मुलाचे नुकसान होते, त्याचप्रमाणे तासन्‌तास हाताची घडी घालून बसविल्याने बोलक्या मुलाचेही नुकसान होते.

बुद्धीसंबंधीचा निष्कर्षही स्पष्ट आहे. बहिर्मुखता आणि बुद्धिमत्ता यांचा सहसंबंध जवळजवळ शून्य आहे. बोलके मूल हुशार असू शकते, अबोल मूलही हुशार असू शकते, आणि बोलण्याच्या प्रमाणावरून यांपैकी काहीच ठरत नाही.

स्वभाव बदलतो काय?

जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून असे दिसते की, या बाबतीत माणसामाणसांतील जो फरक असतो, त्याचा सुमारे ४० ते ६० टक्के भाग आनुवंशिक असतो. हे प्रमाण समूहासाठी आहे. एखाद्या मुलाचा निम्मा स्वभाव आईबापांचा आणि निम्मा शाळेचा, असा त्याचा अर्थ नव्हे.

जेरोम केगन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने चार महिन्यांच्या बालकांपासून निरीक्षणास प्रारंभ केला. नवीन खेळणी, नवीन आवाज, नवीन वास समोर आणले असता सुमारे २० टक्के बालके हातपाय झाडीत व रडत, तर सुमारे ४० टक्के बालके निवांत राहत. मोठेपणी पहिल्या गटातील पुष्कळ मुले अनोळखी प्रसंगी बिचकणारी निघाली. परंतु त्यांतील बहुतेक कालांतराने मधल्या पातळीकडे सरकली. अगदी विरुद्ध टोकास गेलेली मात्र फार थोडी होती. यावरून दोन गोष्टी ध्यानी येतात. बिचकणारे मूल आधाराने मोकळे होऊ शकते. पण धाकाने किंवा चिडविण्याने त्याचे सभाधीट मूल करण्याचा हट्ट धरणे व्यर्थ आहे.

अबोलपणा एकच नव्हे

येथे सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येतो. वर्गात न बोलणारे प्रत्येक मूल अंतर्मुख असते असे नाही. गप्प बसण्याची कारणे निरनिराळी असतात आणि उपायही निरनिराळे असतात. ‘त्याचा स्वभावच तसा आहे’ असे म्हणण्यापूर्वी पुढील क्रमाने विचार करावा.

पहिला प्रश्न कानाचा. कान वाहणारे किंवा कमी ऐकू येणारे मूल प्रश्न पुरता ऐकत नाही आणि चुकण्याच्या भीतीने गप्प राहते. पाठीमागून हळू आवाजात त्याचे नाव घेऊन पाहावे. शंका आल्यास राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल तेव्हा त्याचे नाव आवर्जून सांगावे, आणि पालकांनाही कळवावे.

दुसरा प्रश्न भाषेचा. आपल्या भागात याचे महत्त्व फार आहे. ऊसतोडणीच्या हंगामात बीड व अहिल्यानगर जिल्ह्यांतून कुटुंबे येतात. त्यांतील काहींची घरची बोली बंजारा वा अन्य असते. दौंड तालुक्यातील गुऱ्हाळांवर उत्तर प्रदेशातील कामगार येतात. रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींमुळे आसपासच्या शाळांत अनेक भाषांची मुले एका बाकावर बसतात. असे मूल पहिले काही महिने केवळ ऐकत राहते. त्या काळात ते भाषा साठवीत असते. त्यास अबोल म्हणणे म्हणजे नुकतेच पेरलेल्या शेतास नापीक म्हणण्यासारखे आहे.

तिसरा प्रश्न भीतीचा. लाजाळूपणा आणि अंतर्मुखता यांत लोक गल्लत करतात. १९८१ साली चीक व बस या संशोधकांनी दाखवून दिले की, इतरांच्या सहवासाची आवड असणे आणि इतरांसमोर संकोच वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अंतर्मुख मुलास एकटे बसणे आवडते आणि ते त्यात सुखी असते. लाजाळू मुलास इतरांत जावेसे वाटते, पण धीर होत नाही. मधल्या सुट्टीत पाहिले तर फरक कळतो. एक मूल झाडाखाली आपल्या खेळात रमलेले असते. दुसरे खेळणाऱ्यांच्या कडेला उभे राहून टक लावून पाहत असते. पहिल्यास बळेच ओढून नेण्याचे कारण नाही. दुसऱ्याचा हात धरून नेण्याची मात्र गरज आहे. याशिवाय घरातील भांडणे, व्यसन, मारझोड अथवा वर्गातील चेष्टा यांमुळेही मूल गप्प होते. पूर्वी बोलणारे मूल अचानक गप्प झाले तर तो स्वभाव नव्हे, काहीतरी घडले आहे असे समजावे. तसेच घरी मोकळेपणाने बोलणारे मूल शाळेत महिनोन्‌महिने एक शब्दही उच्चारीत नसेल, तर गटसाधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

हे तिन्ही प्रश्न दूर झाल्यावरच चौथा प्रश्न, म्हणजे स्वभावाचा, विचारात घ्यावा.

मुलींविषयी एक शब्द वेगळा सांगितला पाहिजे. मुलगा गप्प असला तर आपण ती उणीव म्हणून लिहितो. मुलगी गप्प असली तर ‘शांत व गुणी’ असे लिहून मोकळे होतो. दोन्ही ठिकाणी कारणाचा शोध राहून जातो. मुलीच्या गप्प बसण्यामागे कित्येकदा स्वभाव नसून घरातून मिळालेली ताकीद असते.

गाव बदलते तसे मोलही बदलते

स्वभावाचे मोल समाज ठरवितो, याचे बोलके उदाहरण चीनमधील आहे. सिन्यिन चेन या संशोधकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी शांघाय येथील शाळकरी मुलांचा १९९०, १९९८ व २००२ या वर्षी अभ्यास केला. १९९० साली लाजऱ्या, संयमी मुलांना सोबती मान देत, शिक्षक त्यांना चांगले समजत आणि त्यांचा अभ्यासही चांगला असे. २००२ साली तशीच मुले सोबत्यांकडून दूर लोटली जाऊ लागली, शाळेत मागे पडू लागली व खिन्न राहू लागली. मधल्या १२ वर्षांत मुलांचा स्वभाव बदलला नव्हता. बाजार, स्पर्धा आणि शहरी राहणी यांमुळे बोलक्या व धीट माणसाचे मोल वाढले होते. खेड्यांतून शहरात आलेल्या कुटुंबांतील लाजऱ्या मुलांची स्थिती मात्र पुढील अभ्यासात तितकी वाईट आढळली नाही.

आपले दोन्ही तालुके आज अशाच वळणावर आहेत. ज्या गावी पूर्वी ‘पोरगं शांत आहे’ ही प्रशंसा होती, त्याच गावी आता कारखान्यातील मुलाखत, इंग्रजी संभाषण आणि व्यासपीठावरील धीटपणा यांची चर्चा चालते. पालक आपणास विचारतात, “गुरुजी, आमचा मुलगा बोलका कधी होणार?” त्यांची काळजी खोटी नाही. बोलण्याचे कौशल्य प्रत्येक मुलास मिळाले पाहिजे, यात शंका नाही. परंतु कौशल्य देणे वेगळे आणि स्वभावास दोष देणे वेगळे. पोहणे सर्वांना शिकवावे, पण ज्याला पाण्यापेक्षा जमीन प्रिय आहे त्यास कमी लेखू नये.

वर्गात काय करता येईल?

एक : प्रश्न विचारल्यावर थांबावे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० नंतरच्या दशकात वर्गांतील संभाषणांच्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरीने सुमारे एक सेकंदच थांबतात, असे तिला आढळले. तीन सेकंद वा त्याहून अधिक थांबण्याची सवय शिक्षकांनी लावून घेतली तेव्हा उत्तरे लांब व विचारपूर्ण झाली, उत्तर न देणाऱ्यांची संख्या घटली, आणि ज्यांना शिक्षक मागे पडलेले समजत होते तीही मुले बोलू लागली. मी वर्गात घड्याळ घेऊन बसतो तेव्हा आपल्याकडेही तेच दिसते. ठरावीक तीन-चार मुले उत्तर देऊन जातात आणि उरलेल्यांचा विचार अर्धवट राहतो. मनात तीन अंक मोजून मग नाव घ्यावे. यास पैसा लागत नाही, साहित्यही लागत नाही. मेंढपाळाच्या त्या मुलापुढे मी तीन सेकंदसुद्धा शांतपणे थांबलो नव्हतो.

दोन : आधी मनात, मग जोडीत, मग वर्गात असा क्रम ठेवावा. मुलांनी प्रथम उत्तर पाटीवर किंवा वहीत लिहावे, नंतर शेजाऱ्यास सांगावे, आणि शेवटी वर्गासमोर मांडावे. जे मूल ४० जणांपुढे उभे राहत नाही ते एकापुढे सहज बोलते, आणि एकदा बोललेले पुन्हा बोलणे सोपे जाते.

तीन : परिपाठात पायऱ्या कराव्यात. संकोची मुलाकडून पहिल्याच दिवशी बातम्या वाचून घेऊ नयेत. प्रथम फळ्यावर सुविचार लिहिणे, नंतर दोघांनी मिळून दिनविशेष वाचणे, नंतर एकट्याने एक वाक्य सांगणे, असा क्रम असावा. पुढील दिवशी काय सांगावयाचे आहे ते आदल्या दिवशी कळविल्यास अशा मुलांना फार मदत होते.

चार : हाताला काम द्यावे. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला. प्रत्यक्ष काम करीत शिकणे हे तेथील सूत्र आहे. स्वभावभेद हा काही त्या संस्थेचा विषय नव्हे, पण त्या सूत्राचा येथे उपयोग होतो. जोडणी, मोजमाप, रोपांची निगा अशा कामात मुलाचे ज्ञान हातांतून दिसते, त्यासाठी बोलण्याची अट राहत नाही. आकारिक मूल्यमापनात तोंडीकामाबरोबर प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय ही साधने दिलेली आहेत. ती सर्व वापरली तर तोंडीकामात मागे दिसणाऱ्या मुलाचे खरे चित्र हाती येते.

पाच : मुलाच्या जागी जावे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे कार्य सुरू केले, आणि त्या व अनुताई वाघ यांनी आदिवासी पाड्यांवर मुलांच्या अंगणातच बालवाडी नेली. परक्या इमारतीत बुजणारे मूल स्वतःच्या अंगणात मोकळे होते, हा त्यातील बोध आहे. आपण कोपीवर, गुऱ्हाळावर किंवा वस्तीवर एकदा जाऊन आलो तर दुसऱ्या दिवशी ते मूल वर्गात आपल्याकडे निराळ्या नजरेने पाहते. मी वस्तीवर गेलो, पण एक वर्ष उशिरा गेलो.

सहा : बोलक्या मुलाकडेही लक्ष असावे. त्याची बडबड म्हणजे व्रात्यपणा नव्हे. माणसांत राहून, बोलून, हालचाल करून ते शिकते. त्यास गटाचे काम, वाटपाचे काम, खेळाची जबाबदारी द्यावी. त्याचबरोबर दुसऱ्याचे ऐकून घेण्याची सवयही लावावी. ‘आता शेजाऱ्याने काय सांगितले ते तू सांग’ ही सूचना अशा मुलास फार उपयोगी पडते.

शेवटी आपण स्वतःकडेही पाहिले पाहिजे. आपल्यातील काही शिक्षक स्वभावतःच बोलके असतात, काही शांत. बोलक्या शिक्षकास शांत मूल निरुत्साही वाटते आणि शांत शिक्षकास बोलके मूल उद्धट वाटते. नोंद लिहिताना आपण मुलाचा स्वभाव लिहीत आहोत की आपली आवड लिहीत आहोत, हे एकदा तपासून पाहावे.

नोंद कशी असावी?

नोंदीत निवाडा नसावा, निरीक्षण असावे. ‘अबोल आहे, सुधारणा आवश्यक’ या वाक्यातून पुढील वर्षीच्या शिक्षकास काही कळत नाही आणि पालकास केवळ खंत वाटते. त्याऐवजी असे लिहिता येईल : ‘मोठ्या गटात स्वतःहून बोलत नाही, जोडीदारास गणिताची रीत नीट समजावून सांगते. विचारास वेळ दिल्यास उत्तर अचूक येते. पानाफुलांची नोंद स्वतंत्रपणे ठेवते.’ बोलक्या मुलाविषयी : ‘चर्चेस प्रारंभ करतो; उत्तर पूर्ण होण्यापूर्वी दुसऱ्या विषयाकडे वळतो. गटाचे नेतृत्व दिल्यावर काम शेवटास नेतो.’ अशा नोंदीत मूल काय करते, कोणत्या परिस्थितीत करते आणि त्यास कशाने मदत होते, या तिन्ही गोष्टी येतात. ‘मंद’, ‘घुमा’, ‘वात्रट’, ‘बडबड्या’ हे शब्द नोंदवहीत कोठेही नसावेत. लिहिलेला शब्द घरी वाचला जातो. ज्या घरी वाचता येत नाही तेथे तो दुसऱ्याकडून वाचून घेतला जातो, आणि गुरुजींनी लिहिले म्हणून खरा मानला जातो.

पुढील शिक्षण परिषदेस येताना प्रत्येकाने आपल्या वर्गातील दोन मुलांची निरीक्षणे लिहून आणावीत, अशी विनंती आहे. एक मूल कमी बोलणारे असावे आणि दुसरे फार बोलणारे. आठ दिवस त्यांना वर्गात, मधल्या सुट्टीत, पोषण आहाराच्या पंगतीत आणि शक्य झाल्यास घरी पाहावे. कान, भाषा, भीती आणि स्वभाव या क्रमाने विचार करावा आणि आपण काय केले तेही लिहावे. केंद्रप्रमुखांच्या उपस्थितीत त्या नोंदी आपण एकत्र वाचू.

तीस वर्षांपूर्वी मी लिहिलेला एक शब्द मला आज खोडता येत नाही. या वर्षीच्या नोंदी मात्र अजून लिहावयाच्या आहेत. त्या लिहिण्यापूर्वी मुलापुढे थोडे थांबावे, एवढेच माझे सांगणे आहे.